थुंकणाऱ्यांचा सारथी

फ्लोरिस अपोलिसला शेणाची किळस येत नसे, कोंबडीच्या आतड्यांची येत नसे, तुंबलेल्या मोरीत तो कोपरापर्यंत हात घाली आणि हात धुऊन निवांत जेवायला बसे. किळस यायची ती फक्त वाइन प्यालेल्या माणसांची. आणि नशिबाची थट्टा अशी, की वाइन प्यालेल्या माणसांना इकडून तिकडे पोचवणं हाच त्याचा पोटापाण्याचा धंदा होता.

रॉबर्टसनच्या खोऱ्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षमळे आहेत आणि मळ्यागणिक एक चाखण्याची खोली. पाहुणा सकाळी पहिल्या मळ्यावर येतो तेव्हा पेला उजेडात धरून, डोळे मिटून, "यात पिकलेल्या प्लमचा वास आहे, मागे थोडासा तंबाखू," असं म्हणतो. तिसऱ्या मळ्यावर त्याला प्लम आणि बटाटा यांतला फरक कळेनासा होतो. त्यापुढच्या मळ्यावर तो आपली गाडी कुठं लावली ते विसरतो. आणि मग ती गाडी दुसऱ्या दिवशी पाटबंधाऱ्याच्या कालव्यात सापडते. म्हणून शहाणे पाहुणे गाडी हॉटेलवर ठेवतात आणि फ्लोरिसच्या पांढऱ्या मिनीबसमध्ये बसतात. शहाणपणा तेवढाच. बसल्यानंतर तो संपतो.

सगळं खोरं त्याला ऊम फ्लोरिस म्हणे, म्हणजे फ्लोरिसकाका. उंच, काटकुळा, इस्त्रीच्या खाकी शर्टातला माणूस. चेहरा कायम कारल्याचा रस घेतल्यासारखा. बसमध्ये त्याचे कायदे होते. खिडक्या उघड्या. गाणं नाही. ड्रायव्हरच्या खांद्यावर हात नाही. आणि पहिल्या मळ्यावरून निघालं की प्रत्येकाच्या मांडीवर आइस्क्रीमचा रिकामा प्लॅस्टिकचा डबा, झाकणासकट. नवख्या पाहुण्यांना वाटे, काय प्रेमळ काका, आइस्क्रीम वाटतायत! दोन मळ्यांनंतर त्यांना डब्याचा खरा उपयोग कळे.

"ओकारीचं काही नाही गं," तो बायकोला म्हणे, "ओकारी निदान खोटं बोलत नाही. पण ते प्रेम! तिसऱ्या पेल्यानंतर प्रत्येकाला माझ्यावर प्रेम जडतं. गळ्यात पडतात. तोंडाला आंबलेल्या टोपलीसारखा वास, आणि म्हणतात, काका, तुम्ही मला वडिलांसारखे! अरे, तुझा बाप घरी बसून तुझ्या नावानं बोटं मोडत असेल!"

"मग सोडा की नोकरी," मीटा म्हणे.

"आणि यांना नेणार कोण? ते स्वतः?" या प्रश्नावर त्याचा आवाज निराळा होई, आणि मीटा तो विषय तिथंच ठेवी.

कारण तिला ते ठाऊक होतं. जुन्या काळी मळ्यावरच्या मजुरांना मजुरीचा एक हिस्सा वाइनच्या रूपात मिळे. द्राक्षांच्या ओळीच्या टोकाला पिंप उभं असे आणि पत्र्याचा पेला. सकाळी एक, न्याहारीला एक, दुपारी एक, असं करत माणूस संध्याकाळी घरी जाई तो चालत जाई की वाहत, हे ज्याचं त्याला ठाऊक. फ्लोरिसचा बाप, अब्राम, एका शुक्रवारी खेचराची गाडी हाकत गावातून परत निघाला. गाडीत फ्लोरिसची आई होती. आई म्हणाली, लगाम माझ्याकडे द्या. अब्राम म्हणाला, "मी शुद्धीत आहे." गाडी कालव्याच्या पुलावरून खाली गेली. खेचर वाचलं, अब्रामला खरचटलंसुद्धा नाही, आणि आई त्यानंतर जन्मभर लंगडत चालली. बापाच्या तोंडाचा त्या संध्याकाळचा वास फ्लोरिसच्या नाकातून कधी गेला नाही. त्यानं आयुष्यात वाइनचा थेंब घेतला नाही. चर्चमध्येसुद्धा तो द्राक्षाचा रस मागून घेई आणि पाद्रीबाबांना तो नक्की रसच आहे ना, असं दोनदा विचारी.

अशा माणसाच्या एकुलत्या एक मुलीनं, शार्नेलनं, लग्नासाठी कोण निवडावा? ग्रॅनव्हिल क्युपिडो. सूतफ्लेई नावाच्या मळ्यावरचा सहायक वाइनमेकर.

पोरगा वाईट नव्हता. उलट, मजुरांच्या वस्तीतून वर आलेला, शिकलेला, आईला जपणारा, चर्चच्या बँडमध्ये तुतारी वाजवणारा. मुलगी मागायला तो रीतीप्रमाणे काळा सूट घालून आला, खुर्चीच्या कडेला बसला आणि घामानं डबडबला. फ्लोरिसला त्याच्यात खोट काढायला फार कष्ट पडले असते. पण खोट त्यानं स्वतःच आणून टेबलावर ठेवली. "ऊम, तुम्हाला वाइन आवडत नाही हे मला ठाऊक आहे," तो म्हणाला. "पण मी पीत नाही. मी थुंकतो."

या खोऱ्यात थुंकणं ही कला आहे. वाइन पारखणाऱ्यानं घोट तोंडात घ्यायचा, गालांत घुसळायचा, नाकानं हवा ओढायची आणि मग पिकदाणीत सोडायचा. नवखा सोडतो तेव्हा हनुवटीवर ओघळ येतो. ग्रॅनव्हिल सोडे तेव्हा दोऱ्यासारखी बारीक, सरळ धार निघे, हातभर लांबच्या पिकदाणीच्या बरोबर मध्यात पडे आणि आवाजसुद्धा होत नसे. दुसऱ्या मळ्यांवरचे वाइनमेकर ती धार बघायला येत. सूतफ्लेईवर म्हातारे म्हणत, असा थुंकणारा या मातीत पुन्हा व्हायचा नाही.

"कौतुक कशाचं करतात लोक!" फ्लोरिस मीटाला म्हणाला होता. "आमच्या वेळी थुंकणाऱ्याला चर्चबाहेर काढत."

एका गुरुवारी ग्रॅनव्हिल जेवायला आला होता. मीटानं मटणाचा टोमॅटो घालून केलेला रस्सा वाढला आणि सगळं छान चाललं होतं, तोवर ग्रॅनव्हिल म्हणाला, "शनिवारी सूतफ्लेईवर नव्या वाइनची पारख आहे. मी पंच आहे. ते आटपलं की संध्याकाळी शार्नेलला घेऊन आईकडे जातो. आईला लग्नाची तारीख ठरवायची आहे."

ग्रॅनव्हिलची आई माँटेग्यूला राहायची. मध्ये खिंड. एका बाजूला लाल कातळ, एका बाजूला नदी, रस्ता सापाच्या अंगासारखा, आणि मधे खडकातून कोरलेलं भोक, त्यातून पलीकडे जायचं. फ्लोरिसनं चमचा खाली ठेवला.

"किती वाइन असतात पारखायला?"

"साठेक."

"साठ! आणि मग माझ्या पोरीला शेजारी बसवून खिंड?"

"ऊम, मी गिळत नाही. सगळं थुंकतो."

"सगळं?"

"थेंब आत जात नाही. कुणालाही विचारा."

"अहो, जेवताना काय थुंकण्याच्या गोष्टी!" मीटा म्हणाली. "रस्सा निवतोय."

"माझ्या बसमधून या दोघं," फ्लोरिस म्हणाला. "माझे शनिवारचे पाहुणे माँटेग्यूच्याच हॉटेलात उतरलेत. शेवटचा मळा तुमचाच. जागा आहे."

ग्रॅनव्हिलचा चेहरा असा झाला, की जणू सासऱ्यानं त्याला लुगडं नेसून चर्चला यायला सांगितलं. "मी? पाहुण्यांच्या बसमधून? ऊम, पंच आहे मी. उद्या सगळं खोरं म्हणेल, ग्रॅनव्हिलला उचलून न्यावं लागलं. म्हणजे त्याला थुंकता येत नाही. माझी नोकरी काय ती त्या थुंकण्यावर आहे."

"आणि तिचा जीव?"

"डॅडी," शार्नेल म्हणाली, "मी इथंच बसलेय. माझ्या जिवाचं बोलताय तर मला पण विचारा की."

"काय विचारू?"

"काही नाही. रस्सा खा."

शनिवार उजाडला. फ्लोरिसनं रोजच्यासारखं पहाटे श्वासातली दारू मोजणाऱ्या, साबणाच्या वडीएवढ्या यंत्रात फुंकलं. मालकाचा नियमच होता: बस हलवायच्या आधी ड्रायव्हरनं फुंकायचं. हिरवा दिवा म्हणजे शून्य. पिवळा म्हणजे स्वतःची गाडी चालवणाऱ्याला कायद्यानं चालतं, पण भाड्यानं माणसं नेणाऱ्याला चालत नाही. लाल म्हणजे कुणालाच नाही. फ्लोरिसनं जन्मात हिरव्याशिवाय दिवा पाहिला नव्हता, आणि आपल्याला हे रोज सिद्ध करावं लागतं याचीही त्याला थोडी किळसच होती.

पाहुणे जोहान्सबर्गच्या कुठल्याशा कचेरीचे होते. त्यांचा म्होरक्या तेबोहो, दाराएवढ्या रुंदीचा, हसला की बसच्या काचा थरथरत. पहिल्या मळ्यावर ठीक. दुसऱ्यानंतर गॉगलवाल्या एका बाईंनी डबा वापरला आणि झाकण लावायला विसरल्या. वळणावर डबा कलंडला.

फ्लोरिसनं बस थांबवली, रबरी चटई काढली, नळाखाली धरली, आणि त्याच्या पोटात ढवळून आलं. मीटानं अशा वेळेसाठी जेवणाच्या डब्याबरोबर बाटली दिली होती: आल्याचा अर्क. लहानशी बाटली, पिवळं लेबल. त्या खोऱ्यात असं घर नाही जिथं ती बाटली फळीवर नसेल. पोटदुखीला अर्क, सर्दीला अर्क, पोराच्या दाताला अर्क, कुणी गेलं तर विधवेच्या चहात अर्क. वाइनच्या दुकानावरून जाताना तोंड फिरवणाऱ्या चर्चच्या बायका पर्समध्ये तो घेऊन हिंडत. फ्लोरिसनं मोठा चमचाभर पाण्यात घातला आणि प्याला. घशातून पोटापर्यंत ऊब उतरली. बरं वाटलं.

तिसऱ्या मळ्यावर तेबोहोनं चीजचं अख्खं ताट, त्यावर लाल वाइन, त्यावर फसफसणारी वाइन असा थर रचला आणि तो थर बसच्या पायरीवर परत आणून ठेवला. फ्लोरिसनं पुन्हा चटई धुतली. पुन्हा अर्क. या वेळी पाणी थोडं कमी.

पण चौथ्या मळ्यावर जे झालं ते त्यानं पुढे कधी कुणाला पूर्ण सांगितलं नाही. अर्ध्यावर आला की हात झटकी. चाखण्याच्या खोलीत मधोमध पितळी पिकदाणी होती. सकाळपासूनच्या पाहुण्यांनी तीत सोडलेले घोट, त्यात पावाचे तुकडे, एक च्युइंगम. कचेरीतल्या एका चष्मेवाल्या तरुणाशी इतरांनी पैज लावली. आणि त्यानं ती उचलली. दोन्ही हातांनी. आणि तोंडाला लावली.

फ्लोरिस दारात उभा होता. त्याला घोट जाताना कंठमणी हललेला दिसला. तो बाहेर आला, बसच्या चाकाला टेकला, आणि या खेपेस ना चमचा शोधला ना पाणी.

त्यानंतर मात्र दुपार हळूहळू सुधारत गेली. ऊन छान पडलं होतं. डोंगर निळे दिसत होते. बसमध्ये मागे कुणी गाणं म्हणायला लागलं आणि फ्लोरिसनं त्यांना थांबवलं नाही. एवढंच काय, चर्चमधल्या एका भजनाची चाल तो स्वतः नाकातल्या नाकात गुणगुणत होता. तेबोहो त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काका, तुम्ही मला वडिलांसारखे!" आणि फ्लोरिसच्या मनात आलं, बिचाऱ्याला बाप नसेल. तसा पोरगा मनानं चांगला आहे.

सूतफ्लेईच्या मोठ्या गोदामात पारख संपत आली होती. लांब टेबलावर पेल्यांच्या रांगा, पंच पांढऱ्या कोटांत, बाहेर निखाऱ्यांवर सॉसेजं तडतडत होती. ग्रॅनव्हिल शेवटच्या पेल्याशी होता. घोट, घुसळणं, धार. दोरा सरळ पिकदाणीत. चार लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो बाहेर आला तेव्हा त्याचे दात जांभळे आणि जीभ शाईच्या दौतीत बुडवल्यासारखी होती. शार्नेल निळा झगा घालून, हातात होणाऱ्या सासूसाठी केलेली दुधाची टार्ट घेऊन त्याच्या लाल गाडीपाशी उभी होती.

फ्लोरिस त्या दोघांच्या मधे जाऊन उभा राहिला. "किल्ली दे."

"ऊम, लोक बघतायत."

"बघू देत. दात बघ तुझे! जांभळं खाल्लेल्या माकडासारखे. आणि शुद्धीत आहे म्हणतोस!"

"शुद्धीत आहेच मी!"

"सगळे हेच म्हणतात!" फ्लोरिस ओरडला. निखाऱ्यांपाशी उभे असलेले लोक हातात सॉसेज धरून जवळ सरकले. तेबोहोही आला, आणि त्याच्यामागं कचेरी.

ग्रॅनव्हिलच्या मानेची शीर उठली. "तुमच्याकडे ते फुंकायचं यंत्र आहे ना? आणा. शून्य आलं नाही, हिरवा दिवा लागला नाही, तर मी तुमच्या पाहुण्यांमध्ये बसून जातो. सगळ्यांदेखत. पण हिरवा आला तर पुन्हा हा विषय नाही. कधीच नाही."

"चालेल!" फ्लोरिसनं यंत्र आणलं. "कधी फुंकलंय का? नाही ना? बघ, असं. आधी मी दाखवतो, नाहीतर नंतर म्हणशील यंत्र बिघडलंय."

आणि त्यानं छाती भरून फुंकलं.

दिवा लाल लागला.

सॉसेजाची चरबी निखाऱ्यावर पडल्याचा आवाज तेवढा आला.

"बिघडलंय," फ्लोरिस म्हणाला.

"द्या इकडे," तेबोहो म्हणाला आणि त्यानं फुंकलं. यंत्र लाल झालं आणि वर शिट्टीही वाजवायला लागलं. "चांगलं चालतंय की," तो म्हणाला. "काका, तुम्ही कुठली घेतलीत?"

"मी घेत नाही! मी जन्मात घेतली नाही!"

ग्रॅनव्हिल पुढे झाला. त्यानं पेला हुंगावा तसं सासऱ्याचं तोंड हुंगलं, नाक वर करून, अर्धे डोळे मिटून. "आलं," तो म्हणाला. "पुष्कळ आलं. आणि त्याच्याखाली... ऊम, आज आल्याचा अर्क घेतलात का?"

"ते औषध आहे."

"किती घेतलंत?"

"पोटात ढवळत होतं!"

"ऊम, तो आमच्या ब्रँडीच्या दुप्पट जहाल असतो. आलं नुसतं वासापुरतं असतं त्यात."

गर्दीत एक म्हातारी चर्चवाली बाई होती. तिनं आपली पर्स गुपचूप पाठीमागं नेली.

शार्नेलनं टार्ट गाडीच्या टपावर ठेवली. "दोघांनी चूळ भरा," ती म्हणाली. "थोडं थांबा. मग पुन्हा फुंका. तोंडाचं काय आणि पोटाचं काय ते कळेल."

दोघं बागेच्या नळापाशी गेले आणि शाळेतल्या पोरांसारखे शेजारी उभे राहून चुळा भरत बसले. फ्लोरिसची चूळ स्वतःच्या बुटावर पडली. पाहुण्यांची सॉसेजं खाऊन होईपर्यंत दोघं भिंतीच्या सावलीत बसून राहिले, एकमेकांकडे न बघता. मग फ्लोरिसनं फुंकलं. पिवळा. ग्रॅनव्हिलनं कोट सावरला आणि खोऱ्यातल्या सर्वोत्तम थुंकणाऱ्याच्या रुबाबात फुंकलं.

पिवळा.

"म्हणजे बघा," तेबोहो बोटांवर मोजत म्हणाला, "न पिणाऱ्या काकांना कायद्यानं बस चालवता येत नाही, आणि साठ वाइन चाखलेला हा मात्र मजेत गाडी चालवू शकतो? वा! काय प्रांत आहे!"

लोक हसले. ग्रॅनव्हिल हसला नाही. तो यंत्राकडे बघत होता. "शून्य असतं," तो म्हणाला. "मी सगळं थुंकतो. शून्य असतं." मग हळू आवाजात म्हणाला, "दर शनिवारी मी असाच चालवत घरी गेलो. तिला घेऊन."

फ्लोरिसला त्याच्यावर तुटून पडायची हीच वेळ होती. आयुष्यभर ज्या वाक्याची वाट बघितली ते वाक्य समोर येऊन बसलं होतं. पण त्यानं तोंड उघडलं आणि त्याला स्वतःच्या श्वासाचा वास आला. आल्याच्या मागून, आतून, गोडसर, कुजका. पुलावरच्या त्या संध्याकाळचा वास. चौथ्या मळ्यापासून इथवर नऊ माणसं त्यानं आणली होती. भजन गुणगुणत. आणि कुणी विचारलं असतं तर काय म्हणाला असता, हे त्याला नीट ठाऊक होतं.

त्यानं तोंड मिटलं आणि तळव्यानं झाकलं.

"कायद्यानं तुला चालतंय," शार्नेल ग्रॅनव्हिलला म्हणाली. "जा चालवत. एकटा."

"नाही जात," ग्रॅनव्हिल म्हणाला आणि त्यानं किल्ली खिशात घातली. "पण पैजेप्रमाणे बसमध्ये बसायचं तर बसला ड्रायव्हर कुठाय?"

"तू चालव की," तेबोहो शार्नेलला म्हणाला.

"मला येत नाही. डॅडींनी कधी स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. म्हणे, मी आहे ना."

मग फ्लोरिसला तो फोन करावा लागला. अॅश्टनची बेबी फेब्रुआरी, खोऱ्यातली दुसरी पाहुण्यांची ड्रायव्हर, आंटी बेबी म्हणून सर्वांना ठाऊक. तिच्या जुनाट मिनीबसमध्ये डॅशबोर्डवर कुत्रं झोपे, स्पीकरवर सतत भक्तिगीतं, आणि ती एका हातानं तळलेले मासे खात दुसऱ्या हातानं गिअर बदली. फ्लोरिस तिच्या गाडीमागून जातानाही काचा वर करी.

"कोण गेलं?" बेबीनं विचारलं.

"कुणी नाही गेलं."

"मग तू मला फोन का करतोयस?"

"ये आणि आम्हाला माँटेग्यूला सोड. मला... चालवता येत नाहीये."

"पाय मोडला?"

"नाही."

"डोळा गेला?"

"फुंकलं. पिवळा आला."

पलीकडे कुत्रं भुंकायला लागलं, कारण मालकीण हसून हसून त्याच्यावर पडली होती.

फ्लोरिसला मागच्या रांगेत जागा मिळाली, तेबोहो आणि चष्मेवाला पिकदाणीबहाद्दर यांच्या मधे. गाडीला माशांचा, कुत्र्याचा आणि आंबलेल्या श्वासांचा वास होता. तीस वर्षं गाडी चालवणारा हा माणूस मागच्या सीटवर जन्मात पहिल्यांदा बसला होता. पहिल्या वळणाला त्यानं पुढची सीट घट्ट धरली. दुसऱ्या वळणाला पांढरा पडला. तिसऱ्याला म्हणाला, "बेबी, थांब."

"खिंडीत कुठं थांबू? बबून माकडं दार उघडून आत येतात. गिळून टाक!"

"पहिलीच वेळ का, काका?" तेबोहो मायेनं म्हणाला. "लांब बघायचं. डोंगराकडे. श्वास सोडायचा. होतं असं सुरुवातीला. मलाही पहिल्यांदा लाज वाटली होती."

पुढच्या रांगेतून ग्रॅनव्हिल वळला. सासऱ्याच्या गालांकडे त्यानं एक नजर टाकली. तोंडात काय चाललंय हे ओळखणं त्याचं कामच. त्यानं पंचाचा पांढरा कोट अंगातून ओढून काढला आणि दोन्ही हातांत झोळीसारखा धरला. आणि खोऱ्यातल्या सर्वांत सरळ थुंकणाऱ्यानं खोऱ्यातली सर्वांत वाकडी ओकारी झेलली. थोडी बाहीवर आली. त्यानं तोंड फिरवलं नाही.

"झालं, ऊम?"

"नाही," फ्लोरिस म्हणाला, आणि पुन्हा वाकला.

"पुढे वाका. मी धरलंय."

खडकातल्या त्या भोकातून गाडी पलीकडे निघाली तेव्हा फ्लोरिसनं डोळे पुसले आणि जावयाकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. घामेजलेला, जांभळ्या दातांचा, दोन्ही हातांत ती घाण धरून बसलेला. "किळस नाही येत तुला?" त्यानं विचारलं.

"येते की," ग्रॅनव्हिल म्हणाला. "भयंकर येते. पण टाकू कुठं?"

ग्रॅनव्हिलची आई दारात वाट बघत होती. बेबीच्या गाडीतून मुलगा शर्ट काढून गंजीफ्रॉकवर उतरला, मागून भावी सून टार्ट सांभाळत, आणि तिच्यामागून एक उंच, हिरवट चेहऱ्याचा माणूस, कुंपणाला धरून.

"हे कोण?"

"शार्नेलचे वडील."

"जे पीत नाहीत म्हणालास, ते?"

फ्लोरिसनं टोपी काढून नमस्कार केला. तेवढंच त्याला जमलं.

जेवण झालं, कॉफी आली, आणि आईनं भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर ठेवलं. शार्नेलनं ते उलटं करून ठेवलं. "तारीख नंतर," ती म्हणाली. "आधी लायसन्स. माझं. यापुढे मी या दोघांच्याही शेजारी बसून कुठं जाणार नाही. एकाला वाटतं थुंकलं की झालं, एकाला वाटतं औषध म्हटलं की झालं. डॅडी, उद्या चर्चनंतर शिकवायला सुरुवात करा."

"उद्या? माझं पोट..."

"तुमचं पोट बसलेलंच असेल शेजारी. हात पाय माझे हलणार आहेत."

सोमवारी फ्लोरिसनं मालकाला स्वतः जाऊन सगळं सांगितलं. मालकानं त्याला काही आठवडे बसवरून उतरवून गाड्या धुवायला लावलं, आणि फ्लोरिसनं त्या अशा धुतल्या की बाकीचे ड्रायव्हर आत बसायला बिचकत. मीटानं मात्र अखेरपर्यंत मान्य केलं नाही. "अर्क म्हणजे अर्क," ती म्हणे. "आमच्या आजीनं नव्वदाव्या वर्षापर्यंत रोज घेतला. किती आनंदी असायची!"

आणि रग्बीच्या मैदानामागच्या मोकळ्या जागेत रविवारचे धडे सुरू झाले. शार्नेल स्टिअरिंगवर, शेजारी फ्लोरिस, मागे ग्रॅनव्हिल. गिअर असा ओरडे की झाडावरचे पक्षी उडत. फ्लोरिसनं जगातली सगळी घाण पाहिली होती, पण क्लच असा सोडणाऱ्या माणसाची किळस त्याला नवी होती. "सोड! हळू सोड! अगं, कोंबडी मारतेस का गाडी चालवतेस?"

"डॅडी, ओरडलात तर मागे बसवीन."

तो गप्प होई. मागच्या सीटचा अनुभव त्याला होता.

पुढं द्राक्षतोडणी संपली, शार्नेलला लायसन्स मिळालं आणि सूतफ्लेईवर पुन्हा एकदा पारख झाली. ग्रॅनव्हिल संध्याकाळी बाहेर आला, जांभळ्या दातांनी, चार लोकांच्या टाळ्या घेऊन, आणि सगळ्यांदेखत लाल गाडीच्या मागच्या सीटवर जाऊन बसला. एक म्हातारा वाइनमेकर म्हणाला, "काय रे, थुंकता येत नाही का आता?" ग्रॅनव्हिल काच खाली करून म्हणाला, "येतं की. म्हणूनच मागे बसलोय." म्हाताऱ्यानं त्यावर थोडा विचार केला आणि आपल्या किल्लीकडे पाहिलं.

शार्नेलनं गाडी खिंडीत घातली. उजेड अजून होता. लाल कातळ तापून तांबडा झाला होता, नदीकाठच्या दगडांवर बबून उवा काढत बसले होते. फ्लोरिस शेजारी ताठ बसला होता, एक हात दाराच्या मुठीवर, आणि उजवा पाय जमिनीवर, जिथं त्याच्या बाजूला ब्रेक नव्हताच, तिथं सगळ्या ताकदीनिशी दाबलेला.

"डॅडी," शार्नेल रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, "पाय."

त्यानं पाय उचलला. पुढच्या वळणापर्यंत त्यानं तो खरोखरच वर धरून ठेवला.